एलिझाबेथ बोवेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनगटात अँग्लो-आयरिश कादंबरीकार एलिझाबेथ बोवेनचं नाव निघालं की तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. काही साधे, काही भांडण लावणारे. एकदाच बसून उत्तरं लिहून काढली आहेत. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर भांडा.

आधी हे सांगा, बोवेन की बाऊन?

बोवेन. 'बो'वर जोर, पुढचं 'वे' जवळजवळ गिळलेलं. बाऊन नक्की नाही.

अँग्लो-आयरिश म्हणजे आई इंग्लिश आणि वडील आयरिश, असं काही का?

नाही. बोवेनचे आई-वडील दोघंही आयर्लंडचेच. अँग्लो-आयरिश ही रक्ताची सरमिसळ नव्हे, तो एक वर्ग होता. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंड-वेल्सहून आयर्लंडमध्ये उतरून जमिनी मिळवलेल्या प्रोटेस्टंट घराण्यांचे हे वंशज. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जन्मले, तिथल्याच मातीत गेले, पण भोवतालच्या कॅथलिक कुळांनी त्यांना कधी आपलं म्हटलं नाही. आणि लंडनला गेले की तिथे ते आयरिश ठरायचे. दोन्हीकडे पाहुणे.

त्यांची जमीन कशी गेली हे ठाऊक असेल तर कादंबऱ्यांमधली अर्धी अस्वस्थता आपोआप कळते. १९०३ च्या विंडॅम कायद्याने कुळांना कसती जमीन विकत घेण्यासाठी सरकारी कर्ज मिळू लागलं. आपल्याला इथे कूळकायदा आठवणारच. फरक एवढा की तिथल्या मालकांना बरा भाव मिळाला, वर सरकारी बोनसही. पण पैसा हळूहळू संपतो. घर उरलं, घराला पोसणारी जमीन गेली. मग १९१९ ते १९२३ या काळात आधी स्वातंत्र्ययुद्ध आणि पाठोपाठ यादवी. त्यात अशी दोनशेहून जास्त घरं जाळली गेली.

बोवेनचे वडील हेन्री हे बॅरिस्टर, आणि काम करायचे लँड कमिशनमध्ये, म्हणजे या जमिनी हस्तांतरित करणाऱ्या सरकारी खात्यात. आपल्याच वर्गाच्या अखेरीचे कागद ते नीट, कायदेशीर, तपासून देत होते. हा तपशील कादंबरीत आला असता तर कुणीतरी 'जरा अतीच झालं' म्हटलं असतं.

तिचं घराणं कुठलं?

कॉर्क परगण्याच्या उत्तरेला किलडोररी गावाजवळ फॅराही नावाची जागा आहे, तिथलं. मूळ पुरुष कर्नल हेन्री बोवेन, वेल्सचा, सतराव्या शतकात आयर्लंड जिंकणाऱ्या इंग्लिश सेनापती क्रॉमवेलच्या सैन्यातून आलेला. घरात एक दंतकथा चालत आलेली: कर्नलचा ससाणा जेवढ्या जमिनीवरून उडेल तेवढी तुझी, असं क्रॉमवेलने सांगितलं. म्हणून घराण्याच्या चिन्हात ससाणा.

बोवेन्स कोर्ट हे घर १७७५ मध्ये उभं राहिलं, पण पुरं कधीच झालं नाही. पैसे संपले. ईशान्येचा कोपरा बांधायचा राहूनच गेला आणि मुख्य जिना वरपर्यंत पोचलाच नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर नाचासाठी म्हणून लांबलचक दालन केलेलं, तिथे जायचं तर मागच्या जिन्याने, आणि तिथली जमीन नाचाचं वजन पेलेल याचा भरवसा नव्हता. बाहेरून भक्कम, चौकोनी, रुबाबदार. आत जिना मध्येच थांबलेला. बोवेनच्या कुठल्याही कादंबरीबद्दल याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

लहानपणाबद्दल सांगा ना.

जन्म ७ जून १८९९, डब्लिनमध्ये हर्बर्ट प्लेसवर. मुलगा होणार असं गृहीत धरून 'रॉबर्ट' हे नाव आधीच ठरलेलं होतं. या घराण्यात थोरल्या मुलांची नावं हेन्री आणि रॉबर्ट अशी आलटून पालटून ठेवायचे. झाली मुलगी, एकुलती एक. हिवाळे डब्लिनला, उन्हाळे बोवेन्स कोर्टला. सात वर्षांची होईपर्यंत तिला वाचायला शिकवलंच नाही. बोवेन मंडळी डोक्याला फार ताण देतात, अशी आईची खात्री होती.

आणि भीती खरी ठरली, पण वडिलांच्या बाबतीत. त्यांना मानसिक आजाराने गाठलं. डॉक्टरांच्या सल्ल्याने १९०७ मध्ये आई मुलीला घेऊन इंग्लंडला, केंटच्या किनाऱ्यावर गेली. वडील बरे होत आले, आणि १९१२ मध्ये आई कर्करोगाने गेली. एलिझाबेथ तेरा वर्षांची. त्यानंतर मावश्या-आत्यांच्या कमिटीने तिला वाढवलं. या काळापासून ती अडखळत बोलायची, ती जन्मभर. सगळ्यात जास्त अडायची 'मदर' या शब्दावर.

तिच्या कादंबऱ्यांमध्ये परक्या घरात, आपल्या सामानासकट, कुणाच्या तरी दारात उभी असलेली मुलं का भरलेली आहेत याचं उत्तर वेगळं शोधायला नको. 'द हाउस इन पॅरिस'मधली हेन्रिएटा आणि लिओपोल्ड, अकरा आणि नऊ वर्षांची, एका दिवसापुरती अनोळखी घरात सोडलेली. 'द डेथ ऑफ द हार्ट'मधली सोळा वर्षांची पोर्शिया, सावत्र भावाच्या लंडनमधल्या चकचकीत घरात. त्या घरात तिच्याशी वाईट कुणी वागत नाही. वहिनी फक्त तिची डायरी वाचते, आणि त्याबद्दल दुसऱ्याशी बोलते.

'द लास्ट सप्टेंबर'मध्ये काही घडतच नाही. मी चुकीचं वाचतेय का?

नाही, बरोबर वाचताय. घडत नाही असं वाटणं हाच तिथला मुद्दा आहे.

साल १९२०. डॅनियल्सटाउन नावाचं जमीनदाराचं घर, कॉर्कमध्ये. बाहेर गनिमी युद्ध पेटलंय. आत टेनिस पार्टी, पाहुण्यांसाठी कुठली खोली उघडायची याची चर्चा, ब्रिटिश छावणीतल्या तरुण अधिकाऱ्यांबरोबर नाच. सर रिचर्ड आणि लेडी नेलर हे यजमान. लोइस ही त्यांच्याकडे राहणारी एकोणीस वर्षांची भाची. जेराल्ड लेसवर्थ नावाचा सरळमार्गी इंग्लिश अधिकारी तिच्या प्रेमात आहे. तिला प्रेमात पडायचंय, पण त्याच्याच असं नाही.

एक प्रसंग जवळून बघा. रात्री लोइस बागेतल्या दाट झुडपांच्या वाटेवर एकटीच. अंधारातून रेनकोट घातलेला एक माणूस झपाझप चालत येतो, तिला न बघता अगदी जवळून निघून जातो. बंदूकवाला असणार, कुठल्या तरी कामावर. त्याला ठाम दिशा आहे, तिला नाही. ती घराकडे धावत सुटते, सगळ्यांना सांगायचं म्हणून. आणि दारापर्यंत पोचता पोचता तिच्या लक्षात येतं की सांगून काही उपयोग नाही, आत कुणाला त्यात रस नसेल. ती सांगत नाही.

पुढे पडक्या गिरणीत तसंच. लोइस आणि मार्डा नावाची पाहुणी आत शिरतात, तिथे एक माणूस झोपलेला, जागा होतो, हातात पिस्तूल. गोळी सुटते, मार्डाचा हात खरचटतो. दोघी ठरवतात: बोलायचं नाही. तीनशे वर्षं शेजारी राहिलेल्या दोन जमातींमध्ये जे घडत होतं ते या 'बोलायचं नाही'मध्ये आहे. पुस्तकभर लोक मुख्य गोष्ट सोडून बाकी सगळं बोलतात, आणि मुख्य गोष्ट झुडपांत उभी असते.

शेवटी तीन घरं एकाच रात्री पेटतात. डॅनियल्सटाउनचं पुढचं दार पाहुण्यांसाठी उघडं ठेवावं तसं उघडं, आत भट्टी. नेलर पती-पत्नी पायऱ्यांवर उभे. एकमेकांकडे बघत नाहीत, कारण उजेड फार स्वच्छ आहे.

हे सगळं हवेतून आलेलं नाही. १९२१ मध्ये बोवेन्स कोर्टच्या आसपासची तीन घरं जाळली गेली. बोवेन तेव्हा इटलीत होती. वडिलांचं पत्र आलं की आपल्याही घराबाबत मनाची तयारी ठेव. घर वाचलं. पुस्तकात मात्र तिने ते जाळलं. त्याच वर्षी तिचं एका ब्रिटिश अधिकाऱ्याशी लग्न ठरून मोडलं होतं, हेही जाता जाता.

तिची वाक्यं इतकी वाकडी का?

मुद्दाम. क्रियापद आडवं टाकणं, नकारावर नकार रचणं, ज्या शब्दावर वाक्य संपावं असं वाटतं त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे थांबणं ही तिची सवय. प्रूफ वाचणाऱ्यांनी हात टेकले असतील. मीही 'द डेथ ऑफ द हार्ट' दोनदा चाळिसाव्या पानावर टाकलं होतं. तिसऱ्यांदा आजारपणात, दुसरं काही हाताशी नसताना, मोठ्याने वाचायला लागले तेव्हा जमलं. डोळ्यांनी अडणारं वाक्य कानाला अडत नाही. त्या वाक्यात बोलणाऱ्याची जीभ एका शब्दाला टाळत असते.

सगळीकडे हे साधलंय असं नाही. १९३१ च्या 'फ्रेंड्स अँड रिलेशन्स'मध्ये नुसती कसरत दिसते. ते पुस्तक राहिलं तरी चालेल.

युद्धाच्या कथांची एवढी स्तुती का होते?

कारण तिने बॉम्बस्फोट लिहिलेच नाहीत, त्यांच्यानंतरची घरं लिहिली.

१९३५ पासून ती लंडनमध्ये रीजंट्स पार्कजवळ क्लॅरेन्स टेरेसवर राहत होती. युद्धात हवाई हल्ल्यांच्या वेळी वॉर्डन म्हणून रस्त्यांवर गस्त घालायची: कुणाच्या खिडकीतून उजेड दिसतो का बघायचं, लोकांना निवाऱ्यात पाठवायचं. तिच्या स्वतःच्या घरालाही बॉम्बची झळ लागली. १९४४ मध्ये तर ते राहण्याजोगं उरलं नाही.

'द डीमन लव्हर' ही कथा दहा मिनिटांची आहे. मिसेस ड्रोव्हर, चाळिशी ओलांडलेली, चारचौघींसारखी संसारी बाई. कुटुंब हल्ल्यांमुळे खेड्यात हलवलेलं. ऑगस्टच्या अखेरीस ती लंडनमधल्या बंद घरातून थोडं सामान न्यायला येते. आत कोंदट वास, शेकोटीच्या संगमरवरावर धुराचा डाग, जमिनीवर पियानो हलवल्याचे ओरखडे. आणि हॉलमधल्या टेबलावर तिच्या नावाचं पत्र. तारीख आजची. ठरलेल्या वेळी भेटू, एवढाच आशय. पंचवीस वर्षांपूर्वी, पहिल्या युद्धात, एका सैनिकाला तिने वचन दिलं होतं. निरोप घेताना त्याने तिचा तळहात आपल्या गणवेशाच्या बटणावर इतका दाबून धरला की वळ उठला. चेहरा तिला आठवत नाही, वळ आठवतो. तो बेपत्ता झाला होता, मेलाच असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. मग घड्याळात सात वाजतात, आणि टॅक्सी. पुढचं सांगत नाही.

भूत आहे की बाईचं डोकं ताणाखाली आहे, यावर वर्गांमध्ये तास घालवतात. मला तो वाद बिनकामाचा वाटतो. एक युद्ध दुसऱ्या युद्धाचं येणं वसूल करायला येतं, हे पत्र टेबलावर दिसतं तिथेच कळतं.

ही कथा ज्या संग्रहात आहे त्याबद्दल लिहिताना तिने सांगितलंय की ज्यांची घरं पडली ते लोक ढिगाऱ्यातून फुटके शोपीस, जोडीतला एकच बूट असल्या वस्तू जिवाच्या आकांताने शोधायचे. जणू स्वतःचेच तुकडे गोळा करत होते. 'मिस्टीरियस कोर' ही चांदण्यातल्या रिकाम्या लंडनची कथाही सोडू नका. राहायला खोली नसलेलं जोडपं आणि एक काल्पनिक शहर, बस एवढंच त्यात आहे.

ती गुप्तहेर होती हे खरं का?

शब्द जपून वापरू. १९४० मध्ये तिने ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाकडे आपणहून काम मागितलं. आयर्लंड युद्धात तटस्थ होता. ती डब्लिनला जाऊन राजकारणी, पत्रकार, ओळखीपाळखीच्या लोकांशी गप्पा मारायची आणि तिथली हवा काय आहे याचे गोपनीय अहवाल लंडनला पाठवायची. ज्यांच्याशी बोलायची त्यांना हे ठाऊक नव्हतं. तेव्हा विश्वासघात झालाच, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण अहवालांत काय आहे? आयर्लंडची तटस्थता हा नव्या देशाचा पहिला स्वतंत्र निर्णय आहे, तो समजून घ्या, बंदरं जबरदस्तीने घ्यायला जाऊ नका, असा तिचा सूर. दोन्हीकडचं मन कळणारी व्यक्ती दोन्हीकडे संशयित ठरते, तसं झालं. १९९३ मध्ये नॉर्थ कॉर्कच्या लेखकांचं एक संकलन निघालं. त्यात तिचं नाव छापून त्यावर काट मारली होती. आमची नाही, हे सांगायला आधी नाव छापावं लागलं, यातला विनोद तिला नक्की आवडला असता.

लग्न कसं होतं?

१९२३ मध्ये, पहिला कथासंग्रह 'एन्काउंटर्स' आला त्याच वर्षी, तिने अ‍ॅलन कॅमेरॉनशी लग्न केलं. शिक्षणखात्यातला अधिकारी, पुढे बीबीसीत शालेय प्रसारणाचं काम. त्याने तिचे हिशेब, कपडे, प्रवास सगळं सांभाळलं. तिची बाहेर प्रेमप्रकरणं झाली. त्यातलं मोठं म्हणजे कॅनडाचा मुत्सद्दी चार्ल्स रिची. १९४१ मध्ये भेट झाली ती तिच्या मृत्यूपर्यंत टिकली, मध्ये त्याने दुसरीशी लग्न केलं तरी. 'द हीट ऑफ द डे' ही १९४९ ची कादंबरी त्याला अर्पण केलेली आहे. अ‍ॅलन १९५२ मध्ये बोवेन्स कोर्टमध्ये गेला. लोकांना ही दोन नाती एका आयुष्यात बसवता येत नाहीत. तिला बसवता आली.

बोवेन्स कोर्ट आज बघता येतं का?

नाही. १९३० मध्ये वडील गेल्यावर ते तिच्याकडे आलं. मालक झालेली घराण्यातली पहिली बाई तीच. व्हर्जिनिया वुल्फ १९३४ मध्ये तिथे येऊन गेली, पुढे अमेरिकन लेखिका युडोरा वेल्टीही. घर पैसा प्यायचं. 'द हीट ऑफ द डे' चांगली खपली तेव्हा कुठे न्हाणीघरं झाली. नवऱ्यानंतर ती एकटी मासिकांसाठी लिहून, अमेरिकेतल्या कॉलेजांत शिकवून ते ओढत राहिली. १९५९ मध्ये विकलं, गावातल्याच शेतकऱ्याला. त्याची मुलंबाळं तिथे राहतील अशी तिची कल्पना. त्याला जमीन आणि झाडं हवी होती. १९६१ मध्ये घर पाडलं.

घराण्याचा इतिहास सांगणारं 'बोवेन्स कोर्ट' हे पुस्तक तिने युद्धकाळात लिहिलं होतं, १९४२ मध्ये आलेलं. नव्या आवृत्तीत शेवटी भर घालताना ती तक्रार करत नाही. अंत स्वच्छ झाला, घर भग्नावशेष होऊन उभं राहिलं नाही, असं म्हणते. मला हे जरा जास्तच शहाणपणाचं वाटतं. पण रडगाणं गायची रीत त्या वर्गात नव्हती.

फॅराहीचं छोटं चर्च मात्र आहे. २२ फेब्रुवारी १९७३ ला ती लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली, आणि तिला इथे, नवऱ्याशेजारी पुरलं.

सिनेमे आहेत?

'द लास्ट सप्टेंबर' १९९९ मध्ये आला, पटकथा जॉन बॅनव्हिलची, मॅगी स्मिथ आणि मायकेल गॅम्बन यजमान पती-पत्नी. 'द हीट ऑफ द डे'ची टीव्हीसाठी पटकथा नाटककार हॅरोल्ड पिंटरने केली, १९८९. दुसरा जास्त चांगला जमला असणार यात नवल नाही. न बोललेल्या ओळींचा धंदा पिंटरचाच.

बुकर मिळालं होतं का?

नाही. शेवटची कादंबरी 'ईव्हा ट्राउट' १९७० च्या अंतिम यादीत होती. मी तिची चाहती असूनही ती विचित्र, विस्कटलेली कादंबरी कुणाला पहिल्यांदा वाचायला देणार नाही.

सुरुवात कुठून करू?

'द डीमन लव्हर' आणि 'मिस्टीरियस कोर' या दोन कथा. मग 'द लास्ट सप्टेंबर'. मग 'द डेथ ऑफ द हार्ट', मोठ्याने. आवडलं तर याच वर्गाची खट्याळ, दात दाखवणारी बाजू बघायला मॉली कीनची १९८१ मधली 'गुड बिहेवियर' घ्या.

मराठीत अनुवाद करायचा तर काय अडेल?

पहिलं 'बिग हाउस'. अशा घरांना गावकरी असंच म्हणायचे. १९४० मध्ये 'द बेल' या डब्लिनच्या मासिकात तिने लेखच लिहिलाय, की हे 'मोठं' उंचीमुळे की म्हणणाऱ्याच्या आवाजात थोडा उपहास, थोडा राग आहे म्हणून? वाडा म्हटलं तर चौक, तुळस, माजघर येतं. बंगला म्हटलं तर साहेब येतो, पण तीनशे वर्षं येत नाहीत. मी 'मोठं घर' ठेवीन आणि उपहास वाचकावर सोपवीन.

दुसरी अडचण जास्त अवघड. 'द हीट ऑफ द डे'मध्ये स्टेला रॉडनी या घटस्फोटित बाईकडे हॅरिसन नावाचा माणूस येतो आणि सांगतो की तुझा प्रियकर रॉबर्ट शत्रूला माहिती पुरवतोय. मी गप्प बसेन, पण त्याची किंमत तू. इंग्रजीत दोन्ही पुरुष तिला एकाच सर्वनामाने हाक मारतात. मराठीत रॉबर्ट 'तू' म्हणणार, ते ठरलेलं. हॅरिसन आत येतो तेव्हा 'तुम्ही'च म्हणणार. मग तो 'तू'वर कुठल्या पानावर उतरतो? बोवेनला हे कधी ठरवावं लागलं नाही. अनुवादकाला सुरुवातीलाच ठरवावं लागेल, आणि उतरला त्या ओळीत सौदा पक्का झाल्यासारखा वाटेल.